भिंतीला धरून

१

माधवीला बाहेरचं चालत नाही. तेलकट खाल्लं की दम लागतो, गार प्यायलं की दम लागतो, आणि दापोड्याच्या रस्त्याला तर ट्रकांची धूळ इतकी की नुसतं बोललं तरी दाताखाली कचकच येते. म्हणून दुपारचा डबा मीच नेऊन देते. कामतघरहून शेअर रिक्षा, पुढे गोदामांच्या रांगांमधून चालत. मंगळवारी माझा अळणी उपास. त्या दिवशीही तिच्या भाजीत मीठ मीच घालते, चव न घेता, आणि देवीच्या कृपेनं अजून कधी कमीजास्त झालेलं नाही.

माझी मुलगी हवा मोजते. "मी जन्मभर कापड मोजलं, ही हवा मोजते," असं माधवीचे वडील शेजारीपाजारी सगळ्यांना सांगतात. "प्रगतीच म्हणायची. कापड निदान दिसायचं तरी." ह्यांचे कान पॉवरलूमवर गेले. कारखान्यात आवाजामुळे काही ऐकू यायचं नाही, एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचे सगळे. ती सवय घरीही राहिली.

माधवीची प्रयोगशाळा म्हणजे गोदामाचा एक गाळा. एका शेजारी लहान मुलांच्या डायपरची खोकी, दुसऱ्या शेजारी मोबाइलची कव्हरं, मधे ही. आत चकचकीत पत्र्याची एक लांब भिंत उभी केली आहे. तिच्या एका टोकाला उभी बारीक फट, फटीमागे मोठा ब्लोअर. ब्लोअर सुरू केला की फटीतून हवेचा झोत निघतो आणि भिंतीला धरून पार दुसऱ्या टोकापर्यंत जातो.

"धरून का जातो? सरळ का नाही जात?" मी पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं होतं.

"नळाखाली पळी उपडी धरलीस की पाणी पळीला चिकटून वळतं ना आई? तसंच. भिंत मिळाली की झोत तिला धरतो. भिंत संपली की सुटतो, मग विस्कटून जातो."

शीतगृहांच्या दारांवर हवेचा पडदा करतात, त्यासाठी हे मोजमाप. केसाहून बारीक एक तार भिंतीपासून थोडी थोडी दूर सरकवायची आणि प्रत्येक जागी हवेचा वेग घ्यायचा. भिंतीला अगदी टेकलेली हवा म्हणे हलतच नाही. तिथे शून्य यायला हवं. शून्य नीट आलं तरच पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा.

"शून्य आणायचा पगार घेणाऱ्या आमच्या मॅडमच," खारबावचा मनोज म्हणतो. ब्लोअर तोच सांभाळतो. "आमी शाळंत आणला तं मार पडायचा, काकू."

लहानपणी दम लागला की माधवी झोपायची नाही, बसायचीही नाही. भिंतीपाशी जायची, दोन्ही तळवे भिंतीला लावायची आणि मान खाली घालून उभी राहायची. छातीतून आधी दोन आखूड आवाज यायचे, मग एक लांब शीळ. मी मागे उभी राहून पाठ चोळत राहायची. तेव्हाच वज्रेश्वरीला बोलले होते, "आई, हिचा दम काढून घे. मी अळणी मंगळवार धरीन. अकलोलीच्या कुंडात आंघोळ करून अनवाणी तुझ्या पायऱ्या चढेन."

मुलगी शिकली, डॉक्टरेट झाली, पण पर्समधला पंप सुटला नाही. मीही मंगळवार सोडले नाहीत. देवीला वेळ लागतो, इतकंच.

२

त्या दुपारी मी गेले तर माधवी कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर कपाळाला हात लावून बसली होती.

"एका जागी शून्य येत नाही, आई."

तिनं दाखवली ती जागा. भिंतीच्या मध्यावर, माझ्या कमरेच्या जरा वर. जेवणाच्या ताटाएवढी असेल. पत्रा तिथेही इतर ठिकाणासारखाच चकचकीत होता, माझं तोंड दिसत होतं त्यात.

"तार बदलून झाली, मशीन तपासून झालं. बोटभर इकडे सरकवलं की शून्य. परत तिथे नेलं की नाही."

"भित जिती हाय," मनोज म्हणाला. "मी सांगतो तं मॅडम आयकत न्हाय."

"मनोज, ब्लोअर बंद कर आधी."

ब्लोअर थांबला. पाती गरगरत गरगरत गप्प झाली. पडद्यावरची रेघ खाली आली, पण सपाट झाली नाही. वर गेली, खाली आली, थांबली. पुन्हा वर गेली, खाली आली.

"शटरमधून वारा येतोय," माधवी म्हणाली.

मनोजनं शटर ओढलं. आत अंधारल्यासारखं झालं. रेघ तशीच वर जात होती, खाली येत होती. मनोज पत्र्यामागे वाकून पाहून आला. पाल असेल असं त्याला वाटलं होतं. मागे सिमेंटची भिंत होती, आणि काही नाही.

मी उगाच पुढे झाले आणि त्या जागेसमोर तळहात धरला. गार लागलं. मग कोमट. मग पुन्हा गार. मंगळवार होता, उपाशी पोटी आपलाच हात गारठतो, कोमट होतो, असं मी मनाला सांगितलं आणि डबा उघडायला घेतला.

३

त्याच सुमारास माधवीचा दम थांबला.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. त्रास होतो तेव्हा माणूस मोजत असतं, थांबला की विसरतं. एक दिवस ती रस्त्यावरून धावत आली, दोन मजले चढली आणि दारातच बोलायला लागली. न थांबता. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पंप कुठे आहे गं तुझा?"

"ड्रॉवरमध्ये असेल. लागलाच नाही."

मी देवापुढे साखर ठेवली. मग तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली. नळी कानातून काढून पुसली आणि पुन्हा लावली. मग हसले.

"मावशी, काही ऐकूच येत नाही. एवढी साफ छाती! काय दिलंत हिला?"

"माझे मंगळवार," मी म्हटलं.

नवस फेडायला गेले त्या दिवशी अकलोलीच्या कुंडाचं पाणी फार कढत होतं. आंघोळ करून मी अनवाणी पायऱ्या चढले, ओटी भरली. परत येताना वज्रेश्वरीच्या बाजारातून पेढे आणले. मनोजनं दोन उचलले.

"काकू, हे शून्य आल्याचे का?"

"नाही रे, माधवीचा दम गेला त्याचे."

"गेला? कुठं गेला?" असं म्हणून तो पेढा तोंडात टाकून हसला. मीही हसले.

४

शुक्रवारी दिवेलागणीला आरती करत होते. माधवी घरी होती, टाळ्या वाजवत मोठ्यानं म्हणत होती. इतक्या वर्षांत तिनं अख्खी आरती कधी म्हटली नव्हती, मधेच खोकला यायचा. तबक मी तिच्या पुढ्यात नेलं. ती ज्योतीवर वाकली, ओठ ज्योतीपासून चार बोटांवर, आणि म्हणतच होती.

माझ्या प्रत्येक शब्दाला ज्योत माझ्यापासून लांब पळत होती. माझा श्वास लागत होता तिला. पण तिच्याकडे झुकलेली ज्योत तिच्या शब्दांनी परत फिरत नव्हती. जराही हलत नव्हती.

मी म्हणायची थांबले. ज्योत सरळ उभी राहिली. माधवी एकटीच म्हणत होती, खणखणीत आवाजात, आणि ज्योत चित्रातल्यासारखी.

"वाढव गं दिवा, बाहेर जायचंय ना आपल्याला," मी कसंबसं म्हटलं. आमच्याकडे दिव्याला विझव, बंद कर असलं बोलत नाहीत. सासूबाईंचं वळण. दिवा वाढवायचा, बांगडी वाढली म्हणायचं, दुकानसुद्धा वाढवायचं. अशुभ शब्द तोंडातून निघाला की घरातच राहतो म्हणायच्या. माधवीनं फुलाच्या देठानं वात तेलात ओढली. धूर सरळ वर गेला, तिच्या तोंडासमोरून.

रात्रभर मी स्वतःची समजूत घातली. पंख्याचा वारा असेल. तबक तिरपं धरलं असेल. सकाळी तिच्या ओठावरचं दूध पुसायच्या निमित्तानं नाकाखाली बोट धरलं.

"काय गं आई, मी लहान आहे का?"

शब्द आले. बोटाला काही लागलं नाही. पण आमच्या हातांना भाकऱ्या थापून थापून कळतं तरी किती, असं मी म्हटलं स्वतःला. आणि पोर तर बरी होती. खात होती, हसत होती. बरी असलेल्या लेकराला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?

५

माधवीनं तारेला एक छोटा स्पीकर जोडला होता. आकड्यात जे पकडता येत नाही ते कधी कधी कानाला कळतं, असं तिचं म्हणणं. ब्लोअर चालू असला की पातेल्यात तांदूळ ओतत राहावेत तसा आवाज यायचा. तार त्या जागेवर नेली की तांदळांच्या आत आणखी काहीतरी असायचं.

मी डबा ठेवला आणि तशीच उभी राहिले.

दोन आखूड. एक लांब शीळ.

"माधवी, हा ब्लोअर बंद... थांबव जरा. ऐक. हा तुझा आवाज आहे."

"माझा?"

"तुझ्या दमाचा."

तिनं ऐकलं. मन लावून ऐकलं, तो तिचा स्वभावच. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आई, तू इतकी वर्षं माझ्या पाठीशी उभी राहून तेवढंच ऐकत होतीस. तुला प्रेशर कुकरमध्येही तेच ऐकू येईल."

"तुला नाही येत ऐकू?"

"मला ठोके ऐकू येतात, आणि ते तिथे नसायला हवेत, एवढंच कळतं." ती पडद्याकडे वळली. "उद्या धूर सोडून बघते. दिसेल काय अडलंय ते."

घरी ह्यांना सांगितलं. ओठांकडे बघत त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "तुला दम ऐकू येतो, मला लूम ऐकू येतो," ते म्हणाले. "लूम भंगारात जाऊन किती वर्षं झाली. म्हणून काय मी कारखान्यात जाऊन बसतो?"

खरंच होतं ते. पण मी देवापुढे बसले तेव्हा काय मागावं तेच सुचेना. आधी मागितलं होतं ते मिळालं होतं.

६

दुसऱ्या दिवशी मी डब्याची वेळ व्हायच्या आधीच गेले.

पलीकडच्या टोकाचं शटर धूर बाहेर जावा म्हणून अर्धं वर केलं होतं. दिवे मालवले होते. माधवीनं डोळ्यांवर चष्मा चढवला, मला एक दिला आणि हिरव्या प्रकाशाची पातळ पट्टी भिंतीलगत सोडली. मनोज ब्लोअरच्या बटणापाशी होता.

"हळू ठेव," ती त्याला म्हणाली.

धूर फटीतून आला आणि भिंतीला लागला. ओलं धोतर फरशीवर पसरावं तसा पसरत गेला. कडेला भोवरे उठत होते, फुटत होते. बघायला फार सुंदर होतं ते, खोटं कशाला बोलू. मग धूर त्या जागेपाशी पोचला आणि दोन बाजूंनी गेला. ओढ्यात कुणी उभं राहिलं की पाणी जातं तसा. पुढे जाऊन पुन्हा एक झाला.

मधे कुणी नव्हतं. माझ्या छातीएवढ्या उंचीची मोकळी जागा होती.

"बघितलंस?" माधवी म्हणाली, आणि तिचा आवाज आनंदाचा होता. "काहीतरी अडतंय!"

मी भिंतीकडे बघत होते. मोकळ्या जागेच्या वरच्या अंगाला धुरात दोन ठिकाणी पत्रा कोरा होता. लहान लहान. प्रत्येकाला पाच बोटं, ताणून पसरलेली.

स्पीकरमधला आवाज चढायला लागला. दोन आखूड, शीळ. दोन आखूड, शीळ. मग आखूड आवाजच नुसते, एकावर एक. हे मला माहीत होतं. ह्याच्यापुढे काय येतं तेही माहीत होतं. शीळ बंद होते, काहीच येत नाही, आणि पोर डोळे मोठे करून तुमच्याकडे बघते. झोत तिला सोसत नव्हता. समोरून अंगावर येणारा वारा तिला कधीच सोसला नव्हता, आम्ही रिक्षाचे पडदे लावून घ्यायचो.

माझ्या शेजारी माधवी शांतपणे काहीतरी टिपून घेत होती. छाती वरखाली होत नव्हती.

हे थांबवायला हवं एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण जिथे माझ्या लेकीचा श्वास चालला होता तिथे 'बंद कर' हे माझ्या तोंडून कसं निघावं?

"वाढव रे!" मी ओरडले. "मनोज, वाढव! वाढव लवकर!"

मनोज भला माणूस. त्यानं वाढवला.

ब्लोअर कडाडला. धुराची चादर ताणून फाटेल अशी झाली. उजव्या हाताची बोटं आधी सुटली. पत्र्यावरून घसरत गेलेल्या त्यांच्या चार रेघा मला दिसल्या. मग डावा. मोकळी जागा भिंतीवरून वाहत निघाली, कलत, लहान होत, भिंतीच्या टोकाकडे, शटरकडे. मी धावले. शटरबाहेर माल उतरवायच्या ओट्यापाशी पोचले तेव्हा बाहेर ऊन होतं, आणि एक कंटेनर मागे येत होता, आणि क्लीनर त्याला 'आने दो, आने दो' करत होता.

मागून टाळी ऐकू आली.

"आई! आलं! शून्य आलं!"

"काकूंचाच हात लागला," मनोज म्हणत होता. "मॅडम हळू ठेव म्हनत व्हत्या, काकू म्हनल्या वाढव. हाय ना अनुभव!"

७

माधवी म्हणते तिला इतकं शांत कधीच वाटलं नव्हतं.

ती कामावर जाते, परत येते. पंख्याखाली बसली तर तिची बट हलत नाही. तिच्यासमोर मी पीठ चाळते तेव्हा ते तिच्या बाजूला उडत नाही, सरळ खाली पडतं. आणि बोलणं कमी होत चाललं आहे. आधी वाक्याचा शेवटचा शब्द ओठांवरच राहायचा. मग शेवटचे दोन. आता सकाळी "आई, येते" म्हणते त्यातलं "आई" ऐकू येतं, बाकीचं मी ओठांवरून ओळखते.

ह्यांना काही फरक पडलेला नाही. ते तिच्याशी पूर्वीसारखेच तास तास गप्पा मारतात, तिच्या ओठांकडे बघत, हसत. "पोरगी किती खुलली आहे!" मला म्हणतात.

एकदा मी तिला सरळच विचारलं, "तुझा श्वास कुठे आहे गं?"

तिनं विचार केला. मग माझा हात हातात घेऊन काहीतरी बोलली. मला वाटतं ती म्हणाली, तू नको काळजी करूस.

मी करत नाही. मी शोधते.

८

दापोड्यापासून राहनाळपर्यंत गोदामंच गोदामं. पत्र्याच्या भिंती, सिमेंटच्या भिंती, निळ्या, राखाडी, काही तर संपतच नाहीत. मी कान लावत जाते. हमालांना वाटतं व्रत आहे. रामू म्हणून एक आहे, तो पाणी देतो.

"माई, क्या सुनती हो? अंदर माल है. माल बोलता नहीं."

"बोलेल रे. बोलायला काय लागतं?"

"तुम भी ना, माई!" तो हसतो आणि खोकं उचलतो.

आज राहनाळच्या अलीकडे एका लांब पत्र्याला कान लावला आणि ऐकू आलं. दोन आखूड. एक शीळ. फार बारीक, दमलेली. आणि थांबून नव्हती, चालली होती. मी कान न काढता तिच्याबरोबर चालू लागले. पदर पत्र्याच्या खिळ्यांना अडकत होता, फाटला, मी सोडवत बसले नाही. बाळा, हळू, म्हणत होते मी. बाळा, आले मी.

मग समोर भिंतीचं टोक दिसलं.

दोन गोदामांच्या मधे फट होती, एका बाईचे दोन्ही हात पुरतील एवढी. पलीकडे दुसरी भिंत सुरू होत होती. फटीतून रस्त्याचा वारा घोंघावत होता. मी कान सोडला, पुढे धावले आणि फटीत जाऊन उभी राहिले. एक तळहात ह्या भिंतीच्या कडेला टेकवला, दुसरा त्या भिंतीच्या. वाऱ्याकडे पाठ केली. हात ताठ केले.

उजव्या तळव्याला गार लागलं. मग कोमट.

ते मनगटावरून आलं, बांगड्यांच्या मधून, कोपराच्या आतल्या बाजूनं, ब्लाउजच्या बाहीवरून. माझ्या अंगाला धरून येत होतं. खांद्यापाशी जरा चाचपडलं. मग पुढे आलं, गळ्याखाली, आणि तिथे थांबलं. पलीकडच्या हाताकडे गेलं नाही. माझ्या छातीशी टेकून राहिलं. दोन आखूड, आणि शीळ, अगदी माझ्या हनुवटीखाली.

मिठीत घ्यायला हात उचलावे लागले असते. हात उचलले तर भिंत राहणार नव्हती.

"घे बाळा," मी म्हटलं, "दम घे."

रामू लांबून हाक मारत होता, "माई, हटो वहाँ से, गाडी पीछे आ रही है." हॉर्न वाजत होता. मी मान वळवली नाही. वारा पडायचा तो दुपार कलल्यावर, त्याला अजून पुष्कळ अवकाश होता, आणि माझे हात थरथरायला लागले होते.